वहिवाट

शेताच्या बांधावरून जाणाऱ्या पायवाटेला आपल्या कायद्यानें जें औदार्य दाखविलें आहे, तें माणसाच्या वांट्याला क्वचितच येतें. दुसऱ्याच्या जमिनींतून एखादा मनुष्य वीस वर्षें उघडपणें, शांततेनें आणि हक्क म्हणून जात-येत राहिला, तर त्या वाटेवर त्याचा अधिकार उत्पन्न होतो. आणि एकदां उत्पन्न झालेला हा अधिकार न वापरल्यामुळें बुडावयाचा, तरी त्यालाही सलग वीस वर्षें जावीं लागतात. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्यांत हें स्पष्ट लिहून ठेवलें आहे. खेड्यांतले लोक ह्याला सुटसुटीतपणें वहिवाट म्हणतात. वाटेवर गवत माजलें, दोन्ही बाजूंच्या बाभळी एकमेकींना भेटल्या, जाणाऱ्याचा मुलगा मुंबईस गिरणींत लागला, तरी कायदा त्या वाटेला सांगत असतो, 'थांब, तुझा माणूस अजून येईल.'

माणसाच्या स्वतःच्या राहण्याला इतकी सवलत नसते. अमेरिकेंत परक्या मनुष्यास जो 'कायमचा रहिवास' मिळतो, त्यांतील 'कायम' ह्या शब्दाकडे जरा जपूनच पाहावें लागतें. ह्या रहिवासाचें जें ओळखपत्र असतें, त्याला सारें जग हिरवें कार्ड म्हणतें. गेल्या महायुद्धानंतरच्या काळांत तें खरोखरच हिरवें होतें. पुढें त्यानें बरेच रंग बदलले, आणि २०१० सालीं तें पुन्हां हिरवें झालें. मधल्या काळांत नांव मात्र हिरवेंच राहिलें. ह्या कार्डाची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. मुदत संपली म्हणजे हक्क संपला अशी पुष्कळांची समजूत असते. पण ती खरी नव्हे. मुदत कार्डाची संपते, हक्काची नाहीं. उलट कार्डावर मुदत शिल्लक असतांनाही हक्क हातचा गेलेला असूं शकतो, कारण त्याचें मूळ राहण्यांत आहे. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या माणसाला तें कार्ड एकटें दारांतून आंत नेऊं शकत नाहीं. निघण्यापूर्वीं परतीचा परवाना मागून ठेवला असेल तर दोन वर्षांपर्यंत सोय होऊं शकते. पण तो मागावयाचा तोही त्या देशाच्या भूमीवर असतांनाच. बाहेर पडल्यावर शहाणपण सुचून उपयोग नाहीं.

शिवाय वर्ष हा आंकडाही शेवटचा नव्हे. न्यायाधिकरणें जो खरा प्रश्न विचारतात तो असा कीं, हा मनुष्य तात्पुरता बाहेर गेला होता, कीं त्यानें आपलें घरच हलविलें होतें? १९७५ सालच्या एका निवाड्यांत जमेका बेटावरच्या एका बाईची हकीगत आहे. ही बाई वर्षांतले अकरा महिने आपल्या बेटावर प्रवाशांसाठीं खोल्या भाड्यानें देण्याचा धंदा करी, आणि उरलेला महिना अमेरिकेंत काढी. तरीही तिचें खरें घर बेटावरच आहे असें ठरलें, आणि अमेरिकेंतला रहिवास तिनें सोडला असा निर्णय झाला. आपल्या बांधावरच्या वाटेला वर्षांतून महिनाभराचीं पावलें पुरलीं असतीं. माणसाच्या बाबतींत पावलांची मोजदाद पुरत नाहीं. तीं कोणत्या उंबरठ्याकडे निघालीं होतीं, हें विचारलें जातें.

ही सारी माहिती मला कायद्याच्या गोडीनें झालेली नाहीं. ती आमच्या घरीं आईच्या निमित्तानें आली, आणि आल्यावर बरेच महिने जेवणाच्या पाटावर बसून राहिली.

माझा थोरला भाऊ १९८९ सालीं पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेंत गेला, तेथेंच स्थिरावला आणि कालांतरानें तेथील नागरिक झाला. २००६ सालीं त्यानें आईला आणि अण्णांना नेलें, आणि दोघांना कायम रहिवासाचीं कार्डें मिळालीं. अण्णांचें मन तेथें फारसें रमलें नाहीं. बर्फानें भरलेल्या अंगणाकडे पाहून ते म्हणत, "देखावा उत्तम आहे, पण ह्यांतून शनिपारापर्यंत चालत जातां येत नाहीं." आई मात्र रमली. दादाची मुलगी तेव्हां लहान होती, वहिनींची नोकरी होती, आणि घराला आईची गरज होती. तेवढें असलें कीं तिला बाकीचा भूगोल लागत नाहीं.

२०१२ सालच्या हिवाळ्यांत चुलतबहिणीच्या लग्नासाठीं दोघें पुण्यास आलीं. परतीचीं तिकिटें काढलेलीं होतीं. लग्नानंतर आठवड्याच्या आंतच अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. तिकिटें एकदां पुढें ढकललीं, दुसऱ्यांदा ढकललीं, आणि नंतर ढकलण्याचेंही सोडून दिलें. पांच वर्षें अण्णा माझ्या घरीं अंथरुणावर होते, आणि पांच वर्षें आई त्यांच्या उशाशीं होती. त्यांच्या तोंडून जे दोन-चार आवाज निघत, त्यांची बाराखडी फक्त तिला ठाऊक होती. पाणी हवें, खिडकी लावा, वर्तमानपत्र वाचा, असा प्रत्येकाचा अर्थ ती बिनचूक सांगे. २०१६ सालीं एकदां कपाट आवरतांना माझ्या पत्नीला तिचें कार्ड सांपडलें. त्याची मुदत उलटून दोन महिने झाले होते. आईनें तें उलटसुलट करून पाहिलें, आणि अण्णांच्या औषधांच्या डब्यांत ठेवून दिलें.

२०१७ सालीं अण्णा गेले. पुढच्याच वर्षीं दादाचा फोन आला कीं, वहिनींचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत आणि आठवड्यांतून तीन वेळां यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावें लागतें. आईनें फोन खालीं ठेवला आणि म्हणाली, "मला तिकडे गेलें पाहिजे."

मी म्हणालों, "आई, तूं शहात्तर वर्षांची आहेस. येथें काय कमी आहे?"

"कांहीं कमी नाहीं. तुझ्या घरीं सारें यथास्थित आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तर जातां येतें."

हें वाक्य तिनें कौतुकानें उच्चारलें होतें. पण मला तें कांहीं दिवस बोंचत राहिलें. आपलें घर यथास्थित ठेवण्याची सारी धडपड माणूस करतो ती काय आपली आई दुसरीकडे जाऊं शकावी म्हणून? पण जिचें मन नेहमी गरजेच्या बाजूला कलतें, तिच्याकडे अशी तक्रार घेऊन जाणें म्हणजे आपलीही कांहीं गरज उभी करणें होय; आणि तें मला जमण्यासारखें नव्हतें. मीं कागद काढावयास सुरुवात केली.

ज्याचा बाहेरचा मुक्काम त्याच्या ताब्याबाहेरच्या कारणांनीं लांबला, जो निघतांना परतण्याच्या इराद्यानें निघाला होता आणि ज्यानें तो इरादा मध्यंतरीं कधींही सोडला नाहीं, अशा माणसाला 'परतणारा रहिवासी' म्हणून खास व्हिसा मिळूं शकतो. नवऱ्याला पक्षाघात झाला, ह्याहून ताब्याबाहेरचें कारण तें कोणतें? दादाच्या वकिलांनीं आईचें एक निवेदन मागविलें. मीं तें मोठ्या काळजीनें तयार केलें आणि तिला मराठींत वाचून दाखविलें: पतीच्या आजारामुळें मला नाइलाजानें भारतांत राहावें लागलें, अमेरिकेंत परतण्याची माझी इच्छा ह्या संपूर्ण काळांत कायम होती.

आई वाती वळीत बसली होती. तिनें हात थांबविला. "तो शब्द काढ."

"कोणता?"

"नाइलाजानें."

"आई, तो शब्द काढला तर अर्जांत उरतें काय?"

"मग अर्ज राहूं दे. मी नाइलाजानें राहिलें नाहीं. पहिल्याच वर्षीं डॉक्टर म्हणाले होते, माणूस ठेवा, सहा महिने मुलाकडे जाऊन या. मी गेलें नाहीं. ह्यांना सोडून मला कुठें जायचेंच नव्हतें. आणि ती परतण्याची इच्छा म्हणतोस, तर पांच वर्षांत मला तिकडची एकदांही आठवण झाली नाहीं. दादाची झाली. तिकडची नाहीं."

मीं तिला समजावून पाहिलें. हा केवळ कायद्याचा शब्द आहे, त्यांत अण्णांचा उपमर्द नाहीं. ज्यानें हा नियम केला त्यानें तुझ्यासारख्यांच्या सोयीसाठींच केला. आजारी माणसाजवळ राहणें हें कर्तव्यच असल्यामुळें दुसरा इलाज नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तिनें सारें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "ते असते तर त्यांच्यासमोर तूं हें वाचलें असतेंस?"

मला उत्तर सुचलें नाहीं. नियमाच्या बाजूनें जें म्हणावयाचें तें आजही मी म्हणतों. अनोळखी माणसाच्या मनांत काय होतें हें एखाद्या अधिकाऱ्यानें कशावरून ओळखावें? त्याला कांहीं ठरावीक शब्द हवेतच, आणि 'कारण माझ्या ताब्याबाहेरचें होतें' ह्या शब्दांनीं पुष्कळांचें कल्याणही झालें असेल. पण ह्या नियमानें माणसाच्या मुक्कामाचे दोन भाग पाडले आहेत: एक राहावें लागलें तो, आणि दुसरा राहावेंसें वाटलें तो. आईचीं पांच वर्षें पहिल्या भागांत घातलीं तर तिचा हक्क वांचत होता आणि दुसऱ्या भागांत घातलीं तर बुडत होता. तिनें तीं दुसऱ्या भागांत घातलीं. अण्णांच्या उशाशीं काढलेल्या दिवसांना सक्तीचे दिवस म्हणून मिळणारा कोणताही हक्क तिला नको होता.

वकिलांनाही ह्याचें वाईट वाटलें नाहीं. ते म्हणाले, इतक्या वर्षांच्या अनुपस्थितीनंतर तो रस्ता तसाही भरंवशाचा नव्हता. मुलगा नागरिक आहे. त्यानें आईसाठीं नव्यानें विनंति करावी. जुना रहिवास स्वखुषीनें सोडल्याचें लिहून देण्याचा एक कागद असतो. त्यावर आईनें मराठींत सही केली, औषधांच्या डब्यांतलें कार्ड काढून त्याबरोबर दिलें, आणि पुन्हां वाती वळावयास बसली.

ज्या दारानें ती आतां जाणार होती, तें दार कांहीं फार पुरातन नाहीं. १९१७ सालच्या कायद्यानें आशियाच्या मोठ्या भागाभोंवतीं रेघ ओढून तेथील माणसांना मज्जाव केला होता, आणि त्या रेघेच्या आंत हिंदुस्थान होता. १९२३ सालीं भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हिंदी मनुष्य तेथील नागरिकत्वाला पात्रच नाहीं. १९४६ सालीं ती अपात्रता दूर झाली, तेव्हां साऱ्या हिंदुस्थानसाठीं वर्षाला शंभर जागा मिळाल्या. पुढें १९६५ सालच्या ऑक्टोबरच्या ३ तारखेला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशीं बसून एका नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यानें देशवार वांटणीची जुनी पद्धति मोडीत काढली आणि नात्याला मोठें स्थान दिलें. एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या नागरिकाचे आईबाप त्यानें संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले. त्यांना रांग नाहीं. कागद तपासावयास जो वेळ लागेल तेवढाच. भावंडांना मात्र रांग आहे, आणि आपल्या देशांतल्या माणसासाठीं ती पंधरा वर्षांहूनही लांब आहे. दादानें उद्यां माझ्यासाठीं अर्ज केला तर माझा क्रमांक लागेपर्यंत मला स्वतःलाच काठी टेकीत जावें लागेल. आईच्या मागोमाग जाण्याची वाट माझ्यासाठीं नव्हती, हें त्या कागदांत मला फार स्वच्छ दिसलें.

नात्यावर अर्ज करावयाचा म्हणजे प्रथम नातें सिद्ध करावें लागतें. दादाचा जन्म १९६५ सालचा, चिपळुणाजवळच्या एका खेड्यांतला. पहिलें बाळंतपण माहेरीं, ह्या रीतीप्रमाणें आई तिकडे गेली होती. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभर एकसारखा कायदा झाला तोच मुळीं १९६९ सालीं. त्यापूर्वींच्या गांवच्या दप्तरांत जें असेल तें आपलें. त्या दप्तरांत जी नोंद सांपडली तींत मुलाच्या नांवाची जागा कोरी होती, कारण नोंद बारशाच्या आधींची; आणि आईचें नांव माहेरचें होतें. लग्नांत आमच्याकडे मुलीचें आडनांवच काय, पाळण्यांतलें नांवही बदलीत. पासपोर्टावर जी बाई होती, ती त्या दप्तरांत नव्हती. आणि दप्तरांत जी मुलगी होती, तिला त्या नांवानें हांक मारणारें आतां जगांत एकच माणूस उरलें होतें.

पहिल्या वेळीं, म्हणजे २००६ पूर्वीं, हीं कागदपत्रें अण्णांनीं जमविलीं होतीं. तेव्हां मामा होते, त्यांनीं प्रतिज्ञालेख दिला होता. त्याची प्रत अण्णांच्या फायलींत व्यवस्थित टांचलेली होती. पण वकिलांच्या मतें हयात साक्षीदाराचा नवा लेख असणें बरें. म्हणून मी मावशीकडे गेलों. मावशीला चौऱ्याऐंशीवें वर्ष लागलें होतें. तिला तो दिवस लख्ख आठवत होता. पहांटे गाय व्याली आणि त्याच दुपारीं दादा झाला, आणि त्यामुळें घरांतल्या बायकांना गोठ्यांत जावें कीं माजघरांत हें समजेना. ही गाय प्रतिज्ञालेखांत आली पाहिजे असा तिचा आग्रह होता. मीं लिहून घेतलें, टंकलेखन करणाऱ्यानें तें वाक्य गाळलें, मावशीनें सही करण्यापूर्वीं संपूर्ण वाचून पाहिलें आणि विचारलें, "गाय कुठें गेली?" शेवटीं गाय परत आली. 'सदर दिवस मला निश्चित आठवतो, कारण' ह्या शब्दांनंतर ती उभी राहिली, आणि तशीच पुढें सातासमुद्रापलीकडे गेली. तिच्याबद्दल कोणीही हरकत घेतली नाहीं.

नातें सिद्ध झाल्यावर जामीन. बोलावणाऱ्या मुलाला असें हमीपत्र लिहून द्यावें लागतें कीं, आईचा भार सरकारावर पडूं देणार नाहीं. सरकार दरवर्षीं दारिद्र्याची जी रेषा आंखतें, तिच्या निदान सव्वापट त्याचें उत्पन्न असलें पाहिजे. १९९६ सालच्या कायद्यापासून हें हमीपत्र नुसतें शिष्टाचाराचें राहिलेलें नाहीं. तो न्यायालयांतून बजावून घेतां येईल असा करार आहे. येणारा मनुष्य नागरिक झाला, किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, किंवा तो रहिवास सोडून कायमचा निघून गेला, किंवा मेला, म्हणजेच तें संपतें. हें मीं आईला वाचून दाखविलें तेव्हां ती बराच वेळ बोलली नाहीं.

"दादा माझा जामीन," ती अखेर म्हणाली. "तो तिकडे जायला निघाला तेव्हां बँकेच्या कर्जाला ह्यांनीं सही केली होती. हें घर गहाण होतें चार वर्षें."

"फेड म्हण," मी म्हणालों.

"फेड नव्हे रे. मी काय तिकडे बसून खायला चाललें आहें?"

खरोखर त्या हमीपत्रांतली परिस्थिति उलटी होती. मुलगा आईला पोसील असें त्यांत लिहिलें होतें. प्रत्यक्षांत सुनेचें मिठावांचूनचें, मोजून-मापून करावयाचें पथ्याचें जेवण रोज करून घालण्यासाठीं आई निघाली होती. दादा दवाखान्यांत आणि कचेरींत अर्धा अर्धा वांटला गेला होता. त्याचें घर उभें ठेवावयाचें होतें. भार कोण कोणावर घालणार होतें, हें विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता, आणि असण्याचें कारणही नव्हतें. कायद्याला फक्त पैशाचा भार तोलतां येतो. आईला त्याचें दुःख नव्हतें, एवढेंच कीं, सही होण्यापूर्वीं तिनें फोनवर दादाला बजावलें, "तूं सही करतोस ती कर, पण माझ्या पेन्शनचे पैसे इकडे जमतात, ते तुझे आहेत असें समज." अण्णांच्या मागें तिला मिळणारें तें कुटुंबनिवृत्तिवेतन त्या सव्वापटींत कोठेंच मोडत नव्हतें.

व्हिशाच्या अर्जांत एक प्रश्न येतो कीं, अमेरिकेंत कायमचें राहण्याचा तुमचा पत्ता काय? मी संगणकासमोर बसलों होतों आणि ती शेजारीं खुर्ची ओढून. मीं प्रश्न वाचला, आणि नकळत माझी बोटें थांबलीं. ज्या घरांत ती सात वर्षें राहिली, जेथें अण्णा गेले, त्या घराचा पत्ता वर 'सध्यांचा' म्हणून भरून झाला होता.

"दादाचा लिही," ती म्हणाली.

"ते कायमचा विचारताहेत."

तिनें माझ्याकडे पाहिलें. माझ्या आवाजांत जें असेल तें तिला ऐकूं आलें असावें. कारण ती लगेच हंसली नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, "ज्या घराला माझी गरज, तोंवर तो माझा पत्ता. आणि ह्या वयांत कायमचा म्हणजे असा किती लांबचा?" मग हळूच, "तुला माझी गरज नाहीं असें नाहीं. पण तुझें माझ्यावांचून अडत नाहीं. आईला ह्याहून मोठें सुख नाहीं, बाबा."

मीं दादाचा पत्ता लिहिला.

मुंबईच्या वकिलातींत मुलाखत झाली ती २०१९ सालीं. मला आंत जावयाचें नव्हतें. मी बाहेर तिची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन उभा होतों. आंत काय झालें तें तिनेंच सांगितलें. कांचेपलीकडच्या अधिकाऱ्यानें दुभाष्याकरवीं विचारलें, "पूर्वीं तुम्हांला रहिवास होता. मग परत कां गेलां नाहीं?" ती म्हणाली, "यजमान आजारी होते. मला त्यांच्याजवळ राहावयाचें होतें." "आतां कां जातां?" "सून आजारी आहे." त्यानें आणखी एक-दोन गोष्टी विचारल्या आणि व्हिसा मंजूर झाल्याचें सांगितलें. एका वाक्यानें ज्या हक्कावर पाणी सोडावें लागलें होतें, तेंच वाक्य ह्या दारांत कोणाला खटकलें नाहीं.

ह्या प्रकरणानें मला नात्याचा मोठा अभिमान वाटावा असें पुष्कळांनीं सुचविलें. राहण्यानें मिळालेला हक्क न राहिल्यानें गेला. पोटच्या मुलाच्या नात्यानें तो पुन्हां आला. म्हणजे नातें श्रेष्ठ, असें त्यांचें गणित. मला तें तितकें सोपें वाटत नाहीं. नात्याला एकविसाव्या वर्षाची अट आहे, नागरिकत्वाची अट आहे, सव्वापट उत्पन्नाची अट आहे, आणि दप्तरांतल्या एका कोऱ्या जागेमुळें तें अडूं शकतें. दादा नागरिक झाला नसता, किंवा त्याची नोकरी त्याच सुमारास सुटली असती, तर आईचें आईपण तेवढेंच राहिलें असतें आणि दार बंद राहिलें असतें. अशाच एखाद्या बाईला, जिला तिकडे नागरिक मुलगा नाहीं, आजारी नवऱ्याजवळ घालविलेल्या वर्षांना 'नाइलाज' म्हणण्यावांचून गत्यंतर नसेल, आणि ती तसें म्हणेल. तिला कोणी नांव ठेवूं नये. आईला तो शब्द नाकारतां आला, कारण तिच्यासाठीं दुसरें दार होतें. हें तिला ठाऊक होतें कीं नव्हतें, हें मीं तिला विचारलेलें नाहीं. माझी समजूत अशी कीं, नसतें तरी तिनें तेंच केलें असतें. पण ही मुलाची समजूत आहे.

ती २०१९ च्या नोव्हेंबरांत गेली. पुढच्या मार्चमध्यें साथीमुळें विमानें बंद झालीं. त्या दिवसांत दादाच्या घरीं ती होती म्हणून वहिनींचें पथ्य आणि दवाखान्याच्या वेळा बिनचूक संभाळल्या गेल्या, असें दादा अजून सांगतो. २०२२ सालीं ती दोन महिन्यांसाठीं पुण्यास येऊन गेली. येतांनाच परतीच्या तिकिटाची तारीख तिनें पंचांगाच्या पानावर लिहून ठेवली होती, कारण आतां मुक्काम लांबवावयाचा नाहीं, हें वकिलांनीं नव्हे तर तिनेंच स्वतःला बजावलें होतें. नव्या कार्डाची मुदत २०२९ पर्यंत आहे. "तोंवर कार्ड टिकेल," ती म्हणाली, "माझें पाहूं."

त्या दोन महिन्यांत पहिल्याच दिवशीं ती स्वयंपाकघरांत गेली आणि मिठाचा डबा शोधूं लागली. मधल्या काळांत माझ्या पत्नीनें तो ओट्याच्या डावीकडे ठेवावयास सुरुवात केली होती. आईनें तो कांहीं न बोलतां पूर्वीच्या जागीं, उजव्या कोपऱ्यांत ठेवला. ती परत गेल्यावर मीं पाहिलें, डबा उजवीकडेच होता. तो अजून तेथेंच आहे. माझी पत्नी रोज एक पाऊल जास्त टाकून तो घेते, आणि त्याबद्दल आमच्या घरांत कोणी कांहीं बोलत नाहीं.